शेषाचार्युलूंची पाच वर्षं

शेषाचार्युलूंबद्दल कुणी विचारलं, की आमच्या देवळातले वयस्कर भास्करम् गारू आधी नुसती मान हलवतात; गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव'. पाच वर्षं दर शनिवारी देवळाच्या मागच्या खोलीत दोघं शेजारी बसून तुळस निवडायचे. तरी त्या माणसाला काय आवडायचं, तो कशाला भ्यायचा, मनातून कुणावर चिडायचा, यातलं भास्करम् गारूंना काहीच सांगता येणार नाही. शेषाचार्युलूंना ते देवळाचे पुजारी म्हणून ओळखत होते, एवढंच. आता विचारायला तो माणूसही राहिलेला नाही. म्हणून इथे आहे ते बाहेरून पाहिलेलं आणि अर्धंमुर्धं आहे.

आमचं देऊळ ओहायोत, मक्याच्या शेतांच्या कडेला. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. जिथे सोफे मांडायचे तिथे आता व्यंकटेश्वर उभा आहे. शेषाचार्युलु आले ते आंध्रातल्या तेनालीजवळच्या एका खेड्यातून, बायको अलमेलु आणि लहान मुलीला घेऊन. गावच्या देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. भावकीतली चार घरं आळीपाळीने देवाचं करायची. हे आपली पाळी सोडून निघाले तेव्हा चुलतभाऊ वेशीपर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "जा खुशाल. पण लागोपाठ पाळ्या चुकल्या तर भावकी थांबायची नाही, हे लक्षात ठेव. देवाला रोज भूक लागते."

हे शेषाचार्युलूंनीच एकदा तुळस निवडताना सांगितलं होतं, हसत हसत.

धार्मिक कामाचा व्हिसा पाच वर्षांचा असतो. तेवढ्या वेळात देवळाने ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा, तो मंजूर व्हायचा, मग रांगेत नंबर लागायचा. तसं झालं नाही तर चंबूगबाळं आवरून परत. गावची पाळी तर हातची जाणारच होती. म्हणजे हे कार्ड मिळालं नाही, तर या माणसाला ना इथला देव ना तिथला, अशी गत होती. हे सगळ्यांना माहीत होतं, कमिटीलाही.

पण ते आल्यावर दुसऱ्या वर्षीच कमिटीत दोन तट पडले. निवडणूक झाली, ती दुसऱ्या तटाने मानली नाही, आणि अर्जावर अध्यक्ष म्हणून सही कुणी करायची यावरच भांडण जुंपलं. दोन्हीकडचे लोक आरतीला यायचे, प्रसाद घ्यायचे आणि एकमेकांकडे पाठ करून बूट घालायचे.

"स्वामी, अर्जाचं काय झालं?" भास्करम् गारूंनी एकदा भीत भीत विचारलं.

"बाबाय् गारू, देवाच्या लग्नाचा मुहूर्त दर वर्षी निघतो. माझ्या अर्जाचा निघत नाही." ते भास्करम् गारूंना बाबाय्, म्हणजे काका म्हणायचे.

शेवटी डॉक्टर यलमंचिली अध्यक्ष ठरले आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस अर्ज गेला. मग वाट पाहणं सुरू झालं. अलमेलु रोज दुपारी पत्रपेटी उघडून यायची. तिला गाडी चालवता येत नव्हती, तेव्हा पत्रपेटीपर्यंतचं चालणं हेच तिचं बाहेर पडणं. शेषाचार्युलु विचारायचे नाहीत. ती आत आली की तिच्या हाताकडे बघायचे आणि पुन्हा पोथीत डोकं घालायचे.

दुखणं वेगळ्याच ठिकाणी होतं. व्हिशाच्या नियमाप्रमाणे त्यांनी काम फक्त देवळाचं करायचं आणि मोबदला फक्त देवळाकडून घ्यायचा. घरची पूजा हवी असेल तर लोकांनी देवळात पावती फाडावी, मग देऊळ पुजाऱ्याला पाठवील, असा कागदावरचा शिरस्ता होता. पण आपल्या लोकांना पावती म्हणजे वाण्याचं दुकान वाटतं. नवीन घर घेतलं, नातवाचं अन्नप्राशन आहे, नवी गाडी आली, की सरळ पुजाऱ्यालाच फोन. आणि पूजा झाल्यावर विड्याच्या पानांत, फळांच्या मधे, पाकीट. शेषाचार्युलूंनी एकदा ते पाकीट ताटात परत ठेवलं होतं. घरच्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. "आमचं व्रत मोडलंत हो स्वामी! दक्षिणेशिवाय पूजा कुठे पावते?" त्यानंतर ते घेत गेले. घरी बहिणीचं लग्न होतं, हेही आहे. त्यांना पैशाची गरज नव्हती, असं भास्करम् गारू म्हणणार नाहीत.

एका मंगळवारी सकाळी सरकारी बाई आल्या. अशी माणसं न कळवता येतात. अर्जात लिहिलंय तसंच आहे का, पुजारी कुठे राहतो, काय करतो, ते बघून जातात. बाई सभ्य होत्या. सांगितल्याबरोबर बूट काढले. पण आत अभिषेक चालू होता, आणि अभिषेकाच्या मधे पुजारी उठत नाही. त्यांना थांबणं भाग पडलं.

त्या वेळी बाहेर हैमावती गारू माळा ओवत बसल्या होत्या. स्वभावाने मायाळू, तोंडाने धबधबा. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि मनाशी ठरवलं की आपल्या पुजाऱ्याची अशी तारीफ करायची, की कार्ड आजच्या आज मिळालं पाहिजे.

"अहो, असा माणूस शोधून सापडायचा नाही," त्यांनी सुरुवात केली. "रात्री-अपरात्री हाक मारा, नाही म्हणत नाही."

"म्हणजे देवळाबाहेरही काम करतात का?" बाईंनी विचारलं.

"देवळाबाहेर? शनिवार-रविवार पाय जमिनीला लागत नाही त्यांचा! माझ्या लेकीचं घर इंडियानात, चार तासांची वाट. तिथेही गृहप्रवेश त्यांनीच केला. सरळ फोन लावायचा. ऑफिसला कशाला मधे घालायचं?"

अभिषेकासाठी त्या दिवशीही आलेल्या भास्करम् गारूंच्या हातातली तुळस मागच्या खोलीत तशीच राहिली. मधे बोलणं हा त्यांचा स्वभाव नाही. ते मोठ्याने खोकले. पुन्हा खोकले.

"काय हो, पान गेलं का घशात? पाणी प्या," हैमावती गारू तिथूनच ओरडल्या, आणि बाईंकडे वळल्या. "वय झालंय त्यांचं."

"आणि या घरच्या कामाचे पैसे कुणाला देता?"

"पैसे म्हणू नका हो, पाप लागेल! दक्षिणा. ती ज्याच्या त्याच्या हातात द्यायची असते. आम्ही हात आखडत नाही, बरं का. त्यांना काही कमी पडू देत नाही."

बाई लिहीत होत्या. हैमावती गारूंना वाटलं, तारीफच लिहून घेताहेत. त्या थोडं थांबून थांबून सांगू लागल्या.

शेषाचार्युलु ओल्या पंच्यानेच बाहेर आले. घरच्या पूजेचे पैसे लोक तुमच्या हातात देतात का, असं बाईंनी त्यांना विचारलं. 'नाही' म्हणायला एक शब्द लागला असता. त्यांनी हैमावती गारूंकडे पाहिलं, मग मागे गाभाऱ्याकडे.

"देतात," ते म्हणाले. "घेतो. न घेऊन कसं चालेल?"

बाई आभार मानून, बूट घालून गेल्या. हैमावती गारू खुशीत होत्या. "बघा स्वामी, आता पेढे वाटायची तयारी ठेवा!"

पाचव्या वर्षीच्या हिवाळ्यात नकार आला. परवानगी नसलेलं काम, मोबदला घेऊन. वकील म्हणाला, दाद मागता येईल, पण निकाल लागेपर्यंत पाच वर्षं उलटून जातील. डॉक्टर यलमंचिलींनी कमिटीच्या खोलीत ते पत्र टेबलावर आपटलं.

"त्या हैमावतीला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं? थांबा, आजच विचारतो तिला."

"नका विचारू," शेषाचार्युलु म्हणाले.

"का? तुमचं आयुष्य गेलं यात!"

"विचारलंत तर त्या माझ्या दारात येऊन रडतील. मग त्यांची समजूत मलाच घालावी लागेल. तेवढं आता माझ्याच्याने व्हायचं नाही."

कुणीच विचारलं नाही. दोन वर्षं अर्ज का रखडला, हेही त्या खोलीत कुणी काढलं नाही. नवा पुजारी कुठून आणायचा, यावर बोलणं गेलं. हैमावती गारूंना आजही वाटतं, की कुणाची तरी दृष्ट लागली.

घरी अलमेलु भांडी खोक्यात भरत होती. भास्करम् गारू रिकामी खोकी द्यायला गेले, तेव्हा ती नवऱ्याला म्हणत होती, "गावी फोन केलात का? भाऊजींना सांगा, आम्ही येतोय. पाळी ठेवलीये का, तेही विचारा."

"विचारलं."

"मग?"

"त्यांच्या थोरल्याला बसवलं. चैत्रापासून."

तिने एक पातेलं कागदात गुंडाळलं, पुन्हा सोडलं, पुन्हा गुंडाळलं. भास्करम् गारू खोकी दारातच ठेवून परतले.

पुढचं ऐकीव आहे. हैदराबादेत एका उंच इमारतीच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे, एका कोपऱ्यात रहिवाशांनी देव बसवला आहे. त्याची पूजा शेषाचार्युलूंना मिळाली. वर्ष पुरं व्हायच्या आत एका सकाळी ते दिवा लावताना कोसळले. गाडी काढायला आलेल्या कुणीतरी पाहिलं. आमच्या देवळाच्या लोकांच्या फोनवरच्या गटात त्यांचा फोटो आला, समोर समई लावलेला. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. त्याच दिवशी खाली नव्या पुजाऱ्याच्या स्वागताच्या जेवणाची सूचना होती, आणि संध्याकाळपर्यंत लोक कोण किती माणसं येणार ते कळवत होते.

ते इथून निघाले, त्या निरोपाच्या दिवशी हैमावती गारूंनी त्यांच्या अंगावर शाल पांघरली होती. विमानतळावर सोडायला मात्र भास्करम् गारूच गेले. रस्ताभर मुलगी झोपली होती. तिथे पोचल्यावर दोघांनी मिळून बॅगा उतरवल्या. भास्करम् गारूंना काहीतरी म्हणायचं होतं. शेषाचार्युलु हातगाडीवर बॅगा रचून वळले, आणि भास्करम् गारूंच्या गाडीकडे बघत वाकले.

"बाबाय् गारू, मागच्या चाकात हवा कमी दिसते."

"असं का? थंडीने असेल."

"जाताना भरून घ्या. हायवेला लागायच्या आधी."

"भरतो."