पापडांची राखण

चहा गाळताना माझा उजवा हात आखडला. रांगोळीची चिमूट धरावी तशी बोटं एकमेकांना चिकटली आणि गाळणी खाली पडली. ओठांभोवती मुंग्या तर आठवडाभर येऊनच राहिल्या होत्या. नेमका तेव्हाच पुण्याहून मुलीचा फोन आला, आणि डाव्या हातात फोन धरून मी येड्यासारखं सगळं सांगून बसलो.

"गॅस चालू असताना परत असं झालं तर? बाबा, नांदेडचं घर बंद करायचं आता. इकडं यायचं."

बायको जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे घर तिचंच आहे. ते सोडून मुलीकडं सातव्या मजल्यावर टीव्हीपुढं बसायला मला जायचं नव्हतं. आधी रक्त तपासू, मग बघू, असं ठरलं.

कॅल्शियम कमी निघालं. मला रागच आला. कॅल्शियमच्या गोळ्या मी रोज खात होतो की! बायकोच्या शेवटच्या आजारपणातल्या उरल्या होत्या. औषध टाकून कसं द्यायचं? त्या संपल्यावर रिकामं पाकीट दाखवून मेडिकलमधून तसल्याच आणल्या. तिला आठवड्यातून एकदा दुधात घालून द्यायची एक पुडीही होती. ती बायकांची असेल म्हणून मी तेवढी सोडली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्याच वयाच्या. म्हणाल्या, "काका, ती पुडी डी जीवनसत्त्वाची. ते नसलं की गोळीतलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जातच नाही. रक्ताला तर ते लागतंच. मग शरीर हाडांतून काढत बसतं. तेही पुरेना झालं की हात असा आखडतो. उन्हात बसता का कधी?"

मला हसू आलं. मराठवाड्यात राहून उन्हाचा तुटवडा! इथं माणूस उन्हाच्या नावानं बोटं मोडतो. पण रिक्षात बसल्यावर आठवून बघितलं. फिरायला जातो ते उजाडायच्या आत, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल. आलो की दारं-खिडक्या लावून कूलरपुढं. ऊन अंगाला लागतंय कुठं?

बायको होती तेव्हा लागायचं. उन्हाळ्यात ती गच्चीवर पापड-कुरडया घालायची, हिवाळ्यात तूर नाहीतर गोधड्या, आणि हातात काठी देऊन मला राखणीला बसवायची. "पेपर कुठं पळून चाललाय व्हय? आधी कावळे बघा," म्हणायची. बनियनवर बसून मी लई कुरकुर करायचो. ती गेल्यावर पापड दुकानातून यायला लागले आणि गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

पुडी सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर गच्चीवर जाऊ लागलो. नुसतं बसायची लाज वाटायची, म्हणून तिची पापडाची चादर अंथरली, काठी जवळ घेतली. शेजारची सून कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, "काका, काय वाळू घातलंय? चादर तर रिकामीच हाय."

"मीच वाळून राहिलो," मी म्हणालो. ती हसून खाली गेली. चादरीवर पापड नव्हते, म्हणून कावळेही फिरकले नाहीत. त्या दिवशी बायकोची फार आठवण आली.

पुढच्या तपासणीत कॅल्शियम जागेवर आलं होतं. मोठ्या ऐटीत मुलीला फोन लावला. म्हणालो, "हात एकदम ठीक हाय. डॉक्टर म्हणाल्या, एकटं राहायला हरकत नाही."

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "मग राहा तिकडंच. माझीही काळजी मिटली."

मला पाहिजे तेच झालं होतं. तरी ती एकदा तरी 'चला' म्हणेल म्हणून फोन बंद झाल्यावरही मी तो कानालाच धरून बसलो. मग काठी घेतली आणि गच्चीवर गेलो.