बोट सुटायच्या आधी

आमच्या घरात कुणाचंही वाक्य मी आजवर पूर्ण होऊ दिलेलं नाही. बायको म्हणते, "आज बाजारात..." आणि मी म्हणतो, "बांगडे मिळाले नाहीत." बहुतेक वेळा तिला दुसरंच काही सांगायचं असतं. पण तोवर मी बांगड्यांची गोष्ट सुरू केलेली असते. तुयेच्या कारखान्यात दिवसभर मशिनींपुढे तोंड बंद ठेवावं लागतं, ते सगळं मी धारगळला घरी आणून उघडतो.

गावच्या जत्रेच्या नाटकात मी प्रॉम्प्टर असतो. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. आमचे नट मला फार मानतात, कारण माझ्यामुळे कुणाला पाठांतर करावं लागत नाही. एकदा राजा मरायच्या आधीच मी राणीचा विलाप पुरवला आणि राणीनेही तो सुरू केला. राजाला घाईघाईने मरावं लागलं.

अशा घरात वाढलेली आमची मुलगी प्राथमिक शिक्षिका झाली. नेमणूक मिळाली नार्व्याच्या बाजूला, नदीकाठच्या एका छोट्या शाळेत. चार वर्ग, दोन बाई. पहिल्या वर्षी ती शिकवायची कशी, ते मला माहीत आहे, कारण ती घरी जेवणाच्या मेजावर सराव करायची. "नदी कुठून येते? डोंगरातून. हो की नाही?" प्रश्न तिचा, उत्तर तिचं, आणि मुलांच्या वाट्याला "होऽऽ". मला तर ती पद्धत उत्तम वाटायची. संध्याकाळी ती घसा धरून यायची, आई मिठाचं गरम पाणी द्यायची, आणि ती गुळण्या करत असताना तिचा दिवस कसा गेला असेल ते मीच सांगायचो.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तिने मुलांचं नाटक बसवलं. मुलं जरा अडखळली की ही विंगेतून वाक्य सांगायची. पुढे पुढे मुलं अडखळली नाहीत तरी ही सांगायला लागली. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं, आधी बाईंचं, मग मुलाचं. नाटक संपल्यावर फाटकापाशी एक माणूस थांबला होता. सिंधुदुर्गाकडचा, ट्रक चालवणारा, पूर्वी खाणीवर होता. त्याची मुलगी दुसरीत होती आणि नाटकात नव्हती, कारण ती शाळेत बोलतच नसे.

"नाटक बरां झालां, बाई," तो म्हणाला. "एकदा इलंय नि दोनदा आयाकलंय."

आजूबाजूचे हसले. आमची मुलगीही हसली. धारगळपर्यंत गाडीत मात्र बोलत मीच होतो.

एप्रिलमध्ये तिने सांगून टाकलं, "जूनला मी जाणार नाही." माझ्याकडे नोकरी न सोडण्याची बरीच कारणं तयार होती, त्यांतलं पहिलं बाहेर पडतं न पडतं तोच बायको म्हणाली, "तिला आधी जेवू दे." जूनला ती गेली. का गेली ते तिने सांगितलं नाही, आणि मला सांगू दिलं नाही.

मग ऐन पावसात तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी बोलायला साफ मनाई केली. रजा घ्यावी तर दुसऱ्या बाई कसल्याशा सर्वेक्षणाच्या कामावर गेलेल्या. तशीच ती वर्गात गेली आणि फळ्यावर एक प्रश्न लिहिला : फेरीबोट नदीतून सरळ का जात नाही, तिरकी का जाते?

"कोणी काहीच बोलेना," त्या संध्याकाळी ती आम्हाला कुजबुजत सांगत होती. "मला घाम फुटला. उत्तर येत होतं, पण आवाजच नव्हता. शेवटी एकजण म्हणाला, बोटवाल्याला सवय आहे म्हणून. दुसरी म्हणाली, नाही, पाणी ढकलतं म्हणून. मग जे भांडायला लागले, ते घंटा होईपर्यंत. बाबा, मी बोलले असते तर..."

"तर वेळ वाचला असता," मी म्हणालो.

ती उठून गुळण्या करायला गेली. माझा मुद्दा तिला पटला असं मला तेव्हा वाटलं.

आवाज परत आला, पण तिने तो पूर्वीसारखा वापरला नाही. प्रश्न विचारायची आणि खिडकीबाहेर बघत थांबायची. मुलं बोलायला लागली. ट्रकवाल्याची ती मुलगी तेवढी नाही. हसायची, लिहायची, मान हलवायची. दिवाळीनंतर तिचा बाप शाळेत आला.

"घरात नुसतां बडबडता, हंय तोंड उघडणा नाय," तो म्हणाला. "आवंदा स्टेजवर तरी बोलतलां काय? नायतर गावाक व्हरतंय तेका, आजयेकडे. थंयल्या शाळेत घालतंय."

तिला गावी आजीकडे नेऊन ठेवणार म्हटल्यावर आमच्या मुलीने काय करावं? नाटकात तिला एकच वाक्य दिलं. तेही शेवटचं. नाटक असं : फेरीबोटीत माणसं चढतात आणि पलीकडे आधी कोणी उतरायचं यावरून भांडतात. भांडण हातघाईवर येतं. तेवढ्यात कोपऱ्यात टोपली घेऊन बसलेली मुलगी म्हणते, "पण बोट अजून सुटलेलीच नाही." पडदा.

"ती बोललीच नाही तर बोट जन्मात सुटायची नाही," मी म्हणालो. "तिला एखादं झाड कर."

"झाडाला वाक्य नसतं, बाबा."

"म्हणूनच सांगतो."

पडदा ओढायला माणूस हवा होता म्हणून तिने मला नेलं. अट एकच. "बाकीच्यांना काय सांगायचं ते सांग. तिला एक अक्षर सांगायचं नाही. काही झालं तरी."

एका विंगेत मी, हातात पडद्याची दोरी. समोरच्या विंगेत आमची मुलगी. माणसं मैदानाच्या कडेपर्यंत भरलेली. ट्रकवाला खुर्चीवर बसला नव्हता, मागे फणसाला टेकून उभा होता. नाटक रंगलं. मुलं अशी भांडली की मला पुरवायला काही उरलंच नाही. मग ठरल्याप्रमाणे सगळी थांबली आणि टोपलीवालीकडे वळली.

ती उभी राहिली. टोपली पोटाशी घट्ट धरली. आणि गप्प.

मागे कुणाची तरी खुर्ची सरकली. एक बाळ रडून थांबलं. भांडणारी मुलं पुतळ्यासारखी उभी होती, एकाचा हात उगारलेला तो उगारलेलाच होता. कुणीतरी शीळ घातली. मी दोरी इतकी आवळली होती की पडदा हलला. ते वाक्य माझ्या दातांच्या आत येऊन उभं होतं. केवढंसं वाक्य, हळूच म्हटलं असतं तर पहिल्या रांगेलाही कळलं नसतं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. माझं तोंड उघडलं.

मी समोरच्या विंगेत पाहिलं. मला वाटलं, आमची मुलगी डोळे वटारून उभी असेल. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिने दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले होते.

मी तोंड मिटलं.

ट्रकवाला फणसापासून दूर झाला आणि पुढे निघाला. तो तिला उचलून नेणार असं मला वाटलं. टोपलीवालीने त्याला येताना पाहिलं, मग भांडणाऱ्या मुलांकडे पाहिलं, आणि घरात बोलावं तशी वैतागून म्हणाली :

"पण बोट खंय सुटलीहा?"

मग सगळं मैदान हसलं. इतका वेळची शांतता नाटकातलीच होती असं लोकांना वाटलं. मी पडदा ओढायचा विसरलो. हात उगारलेला मुलगा म्हणाला, "पडदो, काका."

खुर्च्या उचलताना ट्रकवाला आला. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपायच्या बेतात होती. आमच्या मुलीसमोर तो नुसता उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते निघत नव्हतं. मला ते साधारण कळलं होतं आणि मी सांगूही शकलो असतो. ती थांबली, म्हणून मीही थांबलो.

"जूनात," शेवटी तो म्हणाला, "चौथीक तुमीच असतलात मां?"

हा प्रश्न घरात आम्ही वर्षभर विचारला नव्हता. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते मी गिळलं. हातातली खुर्ची तिने खाली ठेवली.

"असणार," ती म्हणाली.