पाटातले दोन दगड

परवा पाम गावातल्या आमच्या चिकूच्या वाडीत टाकीचं तोंड उघडलं, तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा तो वास आला, आणि मला मुलीचा दहावीचा विज्ञानाचा पेपर आठवला बघा. आदल्या संध्याकाळी ती पडवीत पुस्तक घेऊन बसलेली, मी चिकू पुसून करंडीत भरत होते. म्हणाली, "आये, विजेच्या वाटेत सहा-सहा ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर उत्तर तीन कसं? दोन हायत ना?" माझी शाळा चौथीतच सुटली, पण झाडांना पाणी लावण्यात जन्म गेला. मी ठसक्यात सांगितलं, "पाटात एक दगड टाकला तर पाणी अडतं, दोन टाकले तर दुप्पट अडणार. बाराच होतील! पुस्तकात छापायला चुकलं असंल." पेपरात नेमकं तेच गणित आलं, आणि पोरगी बारा लिहून आली. मैत्रिणी हसल्या तेव्हा रडली, पण माझ्यावर चिडली नाही. हळूच म्हणाली, "तुझे दगड एकामागे एक होते गं. हे शेजारी-शेजारी, दोन वेगळ्या पाटांत." मला तेव्हाही कळलं नाही, हातातला चिकू नुसता पुसत राहिले. त्यानंतर तिने मला अभ्यासातलं कधीच काही विचारलं नाही. आता ती बोईसरच्या कारखान्यात विजेची पॅनेलं जोडते. परवा पाटात दगड अडकून पाणी रखडत होतं म्हणून मी टाकीचं शेजारचं तोंडही उघडलं. त्या पाटातही दगड होता, तरी टाकी भराभर रिकामी व्हायला लागली. दगड दोन, पण पाण्याला वाटाही दोन, म्हणून अडणं निम्मं; तेव्हा मला ते तीन कळलं. ओल्या हातांनीच तिला फोन लावला, आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं.