वासावरून धरलेला नवरा

आता माझी फजिती मीच सांगून टाकते बाई! नाहीतर आमच्या गावातल्या बायका तिला इतका मीठमसाला लावतात, की ऐकताना मलाच वाटतं, कोण हो ही म्हातारी?

तर मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीला नवऱ्याला पाटावर बसवायचं, धवले म्हणायचे, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, हे सगळं धवलारणीकडे. शाळेची पायरी मी चढले नाही, पण डोंबिवलीच्या आसपासच्या कुठल्या घरात कोणाचा पणजा कोण, ते मला झोपेतून उठवून विचारा!

पण विचारतो कोण? हल्ली हळद म्हणजे डीजे. शेजारच्या वनिताच्या पोराची, निखिलची हळद होती, तर त्याच्या मित्रांनी मला सकाळीच बजावलं, "आजी, धवला पाच मिनिटांत आटपा हां. मग आपला डीजे सुरू."

पाच मिनिटं? पाच मिनिटांत माझ्या धवल्यातला गणपती उंदरावर चढतसुद्धा नाही!

वनिताने मला बाजूला घेतलं. "आजी, मी भांडून तुम्हाला बोलावलंय गो. आज काय घोटाळा झाला, तर गावात परत कोणी धवला लावायचा नाही."

आणि घोटाळ्याची तर सोय करूनच मी आलेले! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. डॉक्टर म्हणालेले, घरी बसा. मी घरी बसणार? डोळे नसतील, नाक आहे ना! मिठागरावर जन्म काढलेली बाई मी. वाऱ्याच्या वासावरून सांगायचे, खाडीला भरती कुठवर आली.

दुपारी निखिल पाया पडायला वाकला आणि माझ्या नाकात भप्पकन वास शिरला. नवी कोरी चामड्याची चप्पल, तिच्यात मिरी कुटलेली, आणि मागून हळूच चंदन.

"काय रे हे अंगाला?"

"परफ्यूम आहे आजी. ठाण्याच्या मॉलमधून आणलाय. दुकानातल्या मुलीने विचारलं, 'सर, तुमची पर्सनॅलिटी कशी आहे?' मी म्हटलं, साधी. तर म्हणते, 'साध्यासाठी आमच्याकडे काही नाही, सर.'"

"मग?"

"मग हा दिला. लीडर माणसाचा! हा मारून कुठे गेलं ना, की आपण बोलायच्या आधी समोरचे गप्प होतात."

आता हा निखिल कसा? आईला विचारल्याशिवाय शिंकायचा नाही! तो लीडर? पण मी मनात म्हटलं, चला, बरं झालं. संध्याकाळी नवरा शोधायची चिंता मिटली. नाकासमोर चालायचं!

संध्याकाळी मांडवात बघते तर काय, सगळं जग पिवळं! नवरा पिवळा, मित्र पिवळे, लाईट पिवळे, वरून त्या मशीनचा धूर. माझ्या चष्म्यातून तर सगळे एका हंड्यातून काढलेले दिसत होते. आणि डीजे असा, की माझी नवीन बसवलेली कवळी आपली आपण नाचायला लागली!

हातात हळदीची वाटी, आंब्याची पानं घेऊन मी उभी. माझी पाच मिनिटं कधी येणार, कोणाला ठाऊक.

आणि एकदम डीजे बंद!

सगळा मांडव चिडीचूप. एवढी चारशे माणसं, कोणी खोकेना. तेवढ्यात वास आला. चामडं... मिरी... आणि चंदन!

अगं आई गं! त्या दुकानातली पोरगी खोटं बोलली नव्हती की! पोरगा नुसता आला आणि समोरचे गप्प!

मी पुढे झाले आणि वासाचा हात घट्ट पकडला. "ये रे माझ्या राजा!"

"आजी, थांबा... इथे मालक कोण आहे?"

"आता तूच मालक रे बाबा! बस."

"आजी, ऐका तर..."

"हळदीला टोपी कोण घालतं रे? काढ!"

"ती ड्यूटीची..."

"काढ म्हटलं ना!"

काढली! खांद्यावर हात ठेवून पाटावर दाबलाच त्याला. कमरेला हा जाड पट्टा लागला हाताला. म्हटलं, आजकालची फॅशन! दोन्ही गालांना हळद फासली, कपाळाला फासली, कानामागे फासली आणि कानात सांगितलं, "धवला सुरू झाला की पाटावरून उठायचं नाही. घराला चांगलं नसतं."

आणि मी आवाज लावला.

काय सांगू तुम्हाला! मध्ये कोणी बोलेना, कोणी "आजी, आटपा" म्हणेना. गणपती आला, गावदेवी आली, खाडीवरचे देव आले, निखिलचे आजे, पणजे, सगळे मांडवात आले. कितीतरी वर्षांनी अख्खा धवला म्हटला मी, एक ओळ न गाळता. संपला तेव्हा समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांमधून टाळ्या! आमच्याच शेतावर उभा आहे तो टॉवर, पण टाळी पहिल्यांदाच आली बरं का तिथून.

मी ऐटीत म्हटलं, "चल, आता आईच्या पाया पड."

नवरा म्हणाला, "आई गावाला आहे."

"अरे, ही काय समोर उभी! वनिता, बोल की गो!"

वनिता रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी... ते पोलीस आहेत. टॉवरवाल्यांनी डीजेची तक्रार केली, म्हणून आलेत."

आणि माझ्या मागून बारीक आवाज, "आजी, मी इकडे आहे." आमचा लीडर!

"पण वास तर निखिलच्या परफ्यूमचा!" माझ्या तोंडून निघून गेलं. संपलं, म्हटलं. आता वरात थेट चौकीवर!

पोलीसदादा उठले. खाकी वर्दी आणि तोंड भंडाऱ्यासारखं पिवळंधमक. माझ्याकडे बघून म्हणाले, "आजी, हा परफ्यूम बायकोने आणलाय मला. ती म्हणते, तुमच्याकडे बघून कोणी घाबरत नाही. हा लावला की लोक तुमचं ऐकतील."

"मग?"

"मग काय! पाऊण तास मीच बसून ऐकलं!"

असा हशा पिकला! हसू ओसरल्यावर दादांनी टोपी घातली आणि डीजेवाल्याला सांगितलं, "तुझं बंद. आजींचं चालू दे. त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नाही."

जाताना जरा थांबले. "आजी, आता या तोंडाने घरी जाऊन बायकोला काय सांगू?"

"सांग, पोरगी पसंत नाही पडली!"

मग खऱ्या नवऱ्याला पाटावर बसवला आणि परत पहिल्यापासून धवला! पाच मिनिटं देत होते ना मला? दोनदा म्हटला! आणि ते पिवळे कुर्तेवाले मित्र मांडी घालून मोबाईलवर शूटिंग करत होते.

तेव्हापासून आमच्या गावातच नाही, पार विठ्ठलवाडीपासून बोलावणी येतात मला. आधी धवला, मग बाकीचं. आणि मान किती! मांडवात शिरले की दोन बाया पुढे येतात, दोन्ही बाजूंनी माझे हात धरतात आणि मला थेट नवऱ्यापुढे नेऊन उभी करतात. बघणारे म्हणतात, म्हातारीचा काय थाट आहे!

मान कसला हो? मला मोकळी सोडायची हिंमत नाही कोणाची!