वांजिरूच्या आईचा रंग

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि माझ्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, हे सगळ्या वडनेरला ठाऊक आहे. मग तुम्हालाच का? तुम्ही माझं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून असेल. तोंडाचीच तर गोष्ट आहे.

मी वडनेर भोलजीला राहते. नवरा भाजीपाला लावतो, मी घरी बसून कॉम्प्युटरवर लोकांचे फोटो दुरुस्त करते. डाग काढायचे, मागची वायर पुसायची, उजेड सारखा करायचा. हे शिकले माहेरी, उंद्रीला, भावाच्या स्टुडिओत. तिथे स्थळासाठी मुलीचा फोटो काढायला आले की बाप काउंटरवर रेलून हळूच म्हणायचा, "जरा उजळ करजो, भाऊ." पुढे पुढे तेही म्हणावं लागत नसे. माझा हात आपोआप तिकडे जायचा.

माझाही फोटो भावाने तसाच केला होता. मी काळी आहे. सावळी नाही, काळी. पाहायला आले तेव्हा सासूच्या बहिणीने आधी हातातला फोटो पाहिला, मग मला, मग परत फोटो. "फोटोत तं गोरी दिसत होती वं," ती म्हणाली. लग्न झालं, माणसं चांगली निघाली. पण ती नजर मी विसरले नाही. हे सांगितलं म्हणून मला सूट देऊ नका — जिला ती नजर ठाऊक होती, तिनेच पुढचं केलं.

वांजिरू नैरोबीची. फोटोग्राफर. ऑनलाइन काम शोधताना तिची-माझी गाठ पडली, आणि चार वर्षं मी तिचे फोटो साफ करते आहे. तिचं इंग्रजी भराभर, माझं अडखळत, पण जमतं. तिच्या शहरात आता कॅमेरेवाल्या पोरापोरींचा सुळसुळाट झालाय, असं ती सांगते. रविवारी घोळक्याने निघतात, गच्च्यांवर चढतात, चित्रं रंगवलेल्या मिनीबसांचे फोटो काढतात, रखवालदार परवानगीचा कागद मागतो तेव्हा पळतात. मोठ्या गॅलऱ्या दारात उभं करत नाहीत, म्हणून जुन्या गोदामात, गॅरेजमध्ये स्वतःच प्रदर्शन भरवतात. मी ते सगळं इथे बसून बघायचे. मला वाटायचं, मीही त्यांच्यातलीच एक आहे.

त्या सगळ्यांचे फोटो छापायचा एक म्हातारा, ओमोंडी. तिथे वडीलधाऱ्याला म्झी म्हणतात. मी मनात बाबाच म्हणायचे. पोरांकडे पैसे नसले तरी छापून द्यायचा. कागदाला हात लावून ओल सांगायचा, असं वांजिरू कौतुकाने बोलायची.

तर, वांजिरूचं पहिलं स्वतःचं प्रदर्शन ठरलं. भाजीबाजारातल्या बायका. तिची आईही त्यांतलीच, पालेभाजीच्या जुड्या विकणारी. खिडकीच्या उजेडात काढलेले शांत चेहरे. फाइलींसोबत तिने स्पष्ट लिहिलं होतं: कातडीच्या रंगाला हात लावू नकोस. आमच्या माणसांचे फोटो एक तर काळा डाग होतात, नाही तर धुऊन निघतात. मला आमचा आहे तो रंग भिंतीवर हवाय.

मी ते वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. तरी सगळे चेहरे उजळले.

इतके दिवस मी स्वतःला सांगत आले — सवय गं, हाताची सवय. बाकीच्या फोटोंबद्दल ते खरंही असेल. पण तिच्या आईच्या फोटोपाशी मी थांबले होते. तिची ओळ मला आठवली होती. आणि तरी मनात आलं — आई आहे, चार लोकांपुढे लागणार, थोडी उजळ दिसली तर काय बिघडतं? मी तिच्यावर उपकार करत होते. खरंच तसं वाटत होतं मला. काय म्हणावं याला?

गुरुवारी आमच्या दोघींच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये फाइली टाकल्या, वांजिरूने घाईत न बघताच त्या पुढे दिल्या, शुक्रवारी बाबाने छापल्या, शनिवारी प्रदर्शन. रविवारी दुपारी वांजिरूचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. आई ठेवणीतला झगा घालून आली होती. स्वतःच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली, आणि मग मुलीला विचारलं, "ही कोण?"

वांजिरू रडत होती. मला दोष देत नव्हती. विचारत होती — तुझ्या फाइलीत काही झालं का, की छापताना?

एक ओळ लिहायची होती. माझ्याकडून झालं. एवढीच.

मी काय केलं? चेहरे उजळायचा थर मी प्रत्येक फाइलीत मूळ फोटोच्या वर वेगळा ठेवला होता. एकेक उघडली, तो थर काढून टाकला, आणि त्याच नावाने फाइली त्याच फोल्डरमध्ये परत चढवल्या. पाऊण तास लागला. शेजारच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "आज रविवारचंही काम करून राह्यली का?" मी हो म्हटलं. मग वांजिरूला लिहिलं: मी तपासलं, फाइली बरोबर आहेत, तूही बघ.

तिने बघितल्या. बरोबर होत्या.

फाइलीच्या शेजारी तारीख आणि वेळ दिसते. रविवारची होती. कुणीही पाहिली असती तर मी तिथेच पकडले गेले असते. तिने पाहिली नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता.

बाबा म्हणाला, आलं तेच मी छापलं. त्याचा कॉम्प्युटर जुना, जागा कमी. छापून झालं की तो फाइली पुसायचा. दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. वांजिरू त्याला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणाली. म्हातारा झालास, डोळे गेले, तेही कबूल करत नाहीस, असंही म्हणाली. ते तिनेच मला नंतर सांगितलं, आणि मी "जाऊ दे" म्हणाले. पोरं हळूहळू दुसरीकडे छापायला लागली. वर्षभरात त्याने मशीन विकलं.

त्यानंतर किती वेळा बोटं कीबोर्डवर ठेवली असतील. नाही झालं. भीती कसली होती? काम जाईल याची नाही. ती माझ्याकडे त्या नजरेने बघेल याची.

गेल्या महिन्यात तिचं नवीन प्रदर्शन झालं. त्यात एक भिंत तिने आपल्या मदतीच्या माणसांना दिली — कॅमेरा दुरुस्त करणारा, चौकटी करणारी बाई, आणि मी. मला म्हणाली, तुझा एक फोटो पाठव, जशी आहेस तसा. मी मोबाइलवर काढला, अंगणात, उन्हात. चांगला आला होता. मग कॉम्प्युटरवर घेतला, आणि उजळला.

तिने भिंतीचा फोटो पाठवलाय. माझ्या चेहऱ्याखाली माझं नाव आहे, नीट स्पेलिंगसकट. त्या भिंतीवर ओमोंडी बाबा नाही.