चार नंबरचे दोन रस्ते

सरकारनं आपले जुने रस्ते सोलापूरच्या जिल्हा लोकल बोर्डाच्या गळ्यात बांधले तेव्हा मी बोर्डाच्या दवाखान्यात नर्स होते. ‘गळ्यात बांधले’ हे माझे शब्द. बोर्डातली मंडळी ‘आपल्या ताब्यात आले’ म्हणायची आणि मिशीला पीळ द्यायची. आता रस्ते ताब्यात आल्यावर पहिलं काम कोणतं? खड्डे बुजवणं, असं कुणीही म्हणेल. बोर्डानं पहिल्यांदा नंबर बदलले.

सरकारी यादीत अक्कलकोटकडे जाणारा रस्ता चार नंबरचा होता. नव्या यादीत तो सात नंबरचा झाला आणि चार नंबर मंद्रूपच्या रस्त्याला मिळाला. मैलांची मोजणीही पूर्वी स्टेशनापासून व्हायची, ती आता बोर्डाच्या कचेरीपासून होणार होती. त्यापायी वाटेवरचे मैलाचे दगड उपटून थोडे पुढं रोवायचं ठरलं होतं. लोकांना याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी एक अक्कलकोटचा रस्ता आणि एक मंद्रूपचा. नंबर असायचे फक्त दोघांच्या तोंडी. एक कचेरीतले कारकून आणि दुसरी रस्त्यावर खडी फोडणारी माणसं, कारण मुकादम त्यांना नंबर सांगूनच कामावर धाडायचा.

मी पुण्याहून शिकून नुकतीच आले होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. बाईमाणसानं इतकं ठासून बोलू नये, असं मला बरेच जण सांगायचे. मी ऐकून घ्यायची आणि पुन्हा ठासून बोलायची.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी बोर्डाचा कारकून नव्या नंबरांची यादी दवाखान्याच्या भिंतीला डकवत होता. डॉक्टर परगावी गेले होते. एवढ्यात आमचा म्हातारा शिपाई फाटकाकडून धापा टाकत आला. एक गाडीवान खडी फोडणाऱ्यांचा निरोप त्याच्याकडे टाकून गेला होता. चार नंबरच्या रस्त्यावर, नवव्या मैलाला, खडी फोडणारी एक बाई कालपासून अडली आहे, नर्सबाईंना लवकर पाठवा.

“गाडीवान कुठाय?” मी विचारलं.

“गेला की बाई पेठंत. थांब म्हनलं तर थांबला न्हाय.”

“चार नंबर म्हणजे मंद्रूप,” कारकून यादीवर बोट ठेवून म्हणाला.

“नव्या यादीत,” मी म्हटलं. “जुन्यात अक्कलकोट.”

“सर्क्युलर निघालंय, बाई. आता जुनं काही उरलं नाही.”

दोन रस्ते दोन दिशांना. चुकीच्या वाटेनं नऊ मैल जायचं, तेवढंच परत यायचं आणि मग दुसरी वाट धरायची, तोवर तिकडे दोन्ही जीव गेले असते. मी शिपायाला विचारलं, “मामा, गाडीत काय होतं?”

“जोंधळ्याची पोती. वर कोंबड्यांचं खुराडं.”

“आणि आज मंद्रूपचा बाजार ना?”

“व्हय.”

“मग मंद्रूपच्या वाटेवरचा माणूस आजच्या दिवशी कोंबड्या घेऊन उलटा सोलापुरात कशाला येईल? गावचा बाजार सोडून?”

शिपायानं कपाळाला हात मारला. “व्हय की! त्यो अक्कलकोटकडचाच!”

कारकुनाला ते पटलं नाही. कोंबड्यांच्या खुराड्यानं सर्क्युलर मोडीत निघावं हे त्याला झेपत नव्हतं. “तुम्ही चुकलात तर?” तो म्हणाला.

“चुकले तर माझी मान. तुम्ही यादी नीट चिकटवा, एक कोपरा सुटलाय.”

खरं सांगायचं तर माझीही पुरती खात्री नव्हती. पण ते कारकुनाला दाखवायची माझी तयारी नव्हती. मी पेटी उचलली आणि फाटकापुढच्या टांग्यात बसले.

“चाचा, अक्कलकोटच्या रस्त्यानं. जोरात.”

“मेरेकू क्या बाई,” टांगेवाला म्हणाला, “घोडा दोनो तरफ चलता.” आणि त्यानं घोड्याला असं काही पिटाळलं की माझ्या पेटीतल्या बाटल्या वाजायला लागल्या.

नवव्या मैलाचा दगड आला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दगडाजवळ चिटपाखरू नव्हतं. टांगेवाल्यानं लगाम ओढला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. “इधर तो कोई नैं, बाई.” क्षणभर मलाही वाटलं, संपलं. मग मी खाली उतरले. रस्त्याच्या कडेला न फोडलेल्या दगडांचा ढीग होता आणि ढिगाभोवती चार-पाच हातोडे जिथल्या तिथं टाकलेले होते. ही माणसं जेवायला उठली तरी हातोडा बरोबर नेतात, त्यावरच त्यांचं पोट असतं; ते टाकून गेली म्हणजे जवळच असणार. मी मोठ्यानं हाक मारली. बाभळींच्या आडून एक म्हातारी धावत आली आणि तिनं माझा दंडच धरला.

“आलीस व्हय ग बाई! आमाला वाटलं, आता कोन येतंय. मुकादम म्हनला, रस्ता सरकारचा ऱ्हायला न्हाय, सरकारी डाक्टर यायचा न्हाय. आन् बोर्डाचं कोन हाय, त्ये त्येला बी ठावं न्हाय.”

“बोर्डाची मी आहे,” मी म्हटलं. “पाणी तापवा आणि सगळे बाजूला व्हा.”

बाभळीखाली चटयांचा आडोसा करून म्हातारीची सून निजवली होती. माझ्याच वयाची असेल. मूल पायाळू होतं. एक पाय बाहेर आलेला, निळा पडलेला, आणि पुढं काही सरकत नव्हतं. कुणी ओढायची घाई केली असती तर डोकं आत अडकलं असतं. उशीर झाला असता तर मुलाचा श्वास कोंडला असता. मला माझं काम येत होतं, हे मी आजही तेवढ्याच ठामपणे सांगते. दुसरा पाय मी हलकेच मोकळा केला, मग अंग, मग एकेक हात. डोकं येईना तेव्हा बाईला म्हटलं, आता तुझ्यात जे काही उरलंय ते सगळं दे. तिनं दिलं. मुलगी झाली. अंगानं लुळी, आवाज नाही. मी तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि मग ती अशी काही रडली की टांग्याचा घोडासुद्धा फुरफुरला. मला इतका आनंद झाला की मी त्या म्हातारीला चक्क मिठी मारली.

म्हातारी नातीला न्याहाळत खुशीत म्हणाली, “पायाळू हाय. पायाळूला जमिनीखालचं दिसतंय म्हनत्यात. धन दावंल बगा आमाला.”

सून इतका वेळ डोळे मिटून पडली होती. ती तशीच म्हणाली, “धन ऱ्हाऊ द्या. हिला हिचा भाऊ दिसंल.”

मग हळूहळू तिनं सांगितलं. पहिल्या बाळंतपणालाही ती याच रस्त्यावर कामाला होती. तेव्हा कुणीच आलं नव्हतं. मुलगा झाला आणि गेला. त्याला सहाव्या मैलाच्या दगडाशी पुरलं, कारण यांचा मुक्काम आज या रस्त्यावर तर उद्या त्या. दगड असला म्हणजे जागा सापडते.

“आता दगूड हलवनार म्हनत्यात,” ती म्हणाली आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “तुमी बोर्डाच्या न्हवं, बाई? त्यास्नी सांगा की. नंबर कुटला बी घाला म्हनावं. दगूड तेवढा हलवू नका.”

सकाळपासून माझ्याजवळ प्रत्येकाला उत्तर होतं. तिला “सांगते,” एवढंच मी म्हणाले. येताना सहाव्या मैलाजवळ टांगा थांबवला आणि खाली न उतरता तिथंच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी सरळ बोर्डाच्या इंजिनिअरसाहेबांपुढं जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण चुकीच्या जागी मैलाचा दगड राहिला तर वाटसरू फसतील.”

“मग आकडा काढा,” मी म्हटलं. “दगड ठेवा.”

ते कागद चाळत राहिले. मीही जागची हलले नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बरं, या तुम्ही.”

पावसाळा संपल्यावर देवी टोचायला मी त्या वाटेनं गेले. सहाचा आकडा पुढं एका नव्या दगडावर दिसत होता. जुना दगड होता तिथंच होता, त्याच्यावरचा आकडा छिन्नीनं खरवडून काढलेला. पलीकडे खडीचा ढीग होता आणि ढिगापाशी म्हातारीची ती सून हातोडा चालवत बसली होती. दगडाच्या सावलीत गोधडीवर माझी पायाळू पालथी पडली होती. हात लांब करून तिथली माती मुठीत धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती.

तिला उचलायला मी वाकले, तशी तिची आई हसून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाई. भावासंगं खेळतीया.”