देवकाबाईने धरलेला पदर

आंधळगावच्या देवकाबाईला हेवा करायला कारण लागत नसे. शेजारणीचं धान आधी निसवलं, तरी हिच्या घशाखाली घास उतरत नसे. नवरा यादोराव म्हणे, "तुले सरगात नेलं, तरी तू बाजूच्याचंच विमान पाहशीन."

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दोघं तुमसर रोडहून गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसली. समोर पंधरा-सोळा वर्षांची पोर, अंगावर हिरवीगार रेशमी साडी. सोबतचा इसम न विचारताच म्हणाला, "भाची आहे. लगन झालं, जबलपूरले सासरी पोचवून राहिलो."

देवकाबाईचा जळफळाट झाला. महिन्यापूर्वी तिनं स्वतःच्या लेकीला सुती लुगड्यात सासरी धाडलं होतं! आता हिची शिदोरी तरी हलकी निघावी, या आशेने तिनं विचारलं, "मायनं करंज्या देल्ल्या का अनारसे?"

शिदोरी नव्हतीच. नव्या नवरीसोबत जाणारी पाठराखीणही नव्हती. जोडवी पाहायला देवकाबाई वाकली, तर पायाची बोटं मोकळी. एवढ्या महागाच्या साडीला बाकी काहीच जुळेना.

"नवऱ्याचं नाव तरी घे व!"

"कोनाचा नवरा?" पोर गोंधळली. "मी तं कारखान्यात कामाले चालली. साडी या मामानं देल्ली."

"सगा मामा?"

"नाही, बाजारात भेटले."

"लाजते ते," मामा हसला. पण तिरोडा येताच पोरीचं मनगट धरून उठला.

"काहून जी, जबलपूर तिरोड्यात आलं का?" देवकाबाईने पोरीचा पदर पकडला. "थांब व माय, काठ पाहू दे!" मामा ओढू लागला, तसा तिनं पदर हाताला गुंडाळला आणि नवऱ्यावर खेकसली, "अजी, पाहता काय? पोलीस बलवा! हा पोरगी इकाले नेऊन राहिला!"

यादोराव बोंबलत फलाटावर धावला. पोलिसाने मामाला डब्याच्या दारातच धरलं.

संध्याकाळी निरोप मिळून पोरीची माय चौकीत धापा टाकत आली. पोर रडली, पण देवकाबाईचा हात काही सोडेना. मायचा चेहरा कडू झाला. "माह्यापरीस हे मावशीच जवळची झाली का व तुले?"

देवकाबाई चमकली. आपलाही कोणी हेवा करतं, हे तिला जन्मात पहिल्यांदाच लाभलं होतं. तिनं ते घटकाभर मनसोक्त चाखलं, आणि मग पोरीची बोटं एकेक सोडवून हात मायच्या हातात दिला.